पुस्तक मिटा आणि सांगा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच चनमल्लप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, वळसंगचे पालक, बालमित्रांनो आणि सत्कारमूर्ती दाक्षायणीबाई,

मुख्याध्यापक या नात्यानं दोन शब्द बोलतो. माझे दोन शब्द किती लांबतात, हे मंडपवाल्याला ठाऊक आहे. त्यानं एक पंखा जास्तीचा लावलाय.

वाचन म्हणजे खणखणीत आवाज, अशी माझी समजूत. बाईंची रीत निराळी. परिच्छेद मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि शेजारच्याला घरच्या भाषेत सांगायचं. अडलं की पुन्हा पुस्तक उघडायचं. त्यामुळे मराठीच्या तासाला वर्गातून कानडी ऐकू यायची. मी दारातून विचारायचो, "बाई, गलका कसला?" त्या म्हणायच्या, "सर, वाचन चाललंय." मी दार ओढून घ्यायचो आणि पुढच्या वर्गाकडे वळायचो.

नवीन शिक्षक येईपर्यंत बाईंची चौथी माझ्याकडे आलीय. म्हणून काल तालीम करायला गेलो. शेळी हरवल्याचा धडा काढला. असा वाचला, असा वाचला, की शेजारचा वर्ग गप्प झाला! मी खूश. तेवढ्यात महेश्वरी म्हणाली, "सर, आता पुस्तक मिटा की. शेळी कुटं सापडली, सांगा."

मंडळी, मला आठवेना. आवाजाचे चढउतार सांभाळताना शेळीकडे लक्ष कोण देतो? "विहिरीपाशी," मी ठोकून दिलं.

"तसं न्हाय, सर."

तिनं पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट धरलं, आणि माझ्यासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या या पोरीनं मला अख्खा परिच्छेद वाचून दाखवला. शेळी देवळामागं होती. मग तिनं हळूच विचारलं, "बाई गेल्यावर आमचं कोण ऐकणार?"

मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "मी ऐकेन. पण मला कानडी कुठं येतं?"

"मग मराठीत सांगतो की. तुमाला समजंस्तोवर."

तर सोमवारपासून मी चौथीत बसतोय. आवाज घरी ठेवून येईन.

आपण सगळे वेळ काढून आलात, शेंगाचटणी-भाकरीची सोय पालकांनी केली, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

आता बाईंच्या रीतीनं हा कागद मिटतो आणि इतका वेळ काय म्हणत होतो, ते सांगतो.

बाई, जाऊ नका. एवढंच होतं.