शिवंवरची खानावळ

जतच्या एसटीत बनुबाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. मागच्या सीटवर मायलेकाचं जुंपलं होतं.

"आई, अथणीची मानसं म्हनत्यात, लगनाचं बोलाय आदी तुमी या."

"का म्हनून? त्येनी यावं. तुज्या बाच्या येळंला बरं हुतं. कर्नाटकच्या शिवंवर खानावळ हुती. निम्म्या वाटंवर दोनी घरं जमायची, कुनालाच कमीपना न्हाई."

"मग तितंच जाऊ की!"

"रस्ता रुंद केला, त्यात गेली ती. मालकीन लय खाष्ट. तुजा बा लाजून जेवंना, तर समद्यांम्होरं म्हनली, 'पोरगी बगायला आलायस का उपास धराय?' मला हसू फुटलं. तितंच ठरलं."

"मला शिवलीलाच पायजे, आई."

बनुबाई गर्रकन वळल्या.

"खानावळ पाडली गं, मालकीन हाय अजून! घरबी शिवंलाच हाय. रविवारी दोनी घरं या जेवायला."

"अगं बया! आवं मावशी, खाष्ट म्हनलं, चुकलंच."

"चुकलं कुटं? खाष्टच हाय मी."

"पर मावशी, आदी कुनी पोचायचं?"

"ज्येला लगनाची घाई हाय, त्येनं."

"मग मी शनवारीच येतो!"