शेवटची पायरी गावाची

आजच्या सभेचे अध्यक्ष, नवी आंबोडीचे ज्येष्ठ बागायतदार मान्यवर शंकरराव खर्चे. व्यासपीठावर विराजमान सरपंच सिंधूताई. आज सेवानिवृत्त होत असलेले, आणि म्हणून या गावात आज प्रथमच कामाशिवाय बसलेले ग्रामसेवक इंद्रभानजी सुरडकर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी कोकिळाताई. उद्यापासून त्यांची खुर्ची सांभाळणारे तरुण ग्रामसेवक प्रज्वलराव. खालच्या आळीचे धक्केवाले, वरच्या आळीचे बिनधक्केवाले, वेचणीवरून थेट इथे आलेल्या आयाबहिणी. आणि अगदी दाराशी, शेवटच्या रांगेत बसलेले आपले नावाडी शकूरभाई, ज्यांना उद्या सकाळी डोंगा कुठे लावायचा हे अजून ठाऊक नाही. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

नमस्कारातच तक्रार घुसवली, असे अध्यक्षांना वाटले असेल. घुसली आहे खरी. तिच्याकडे येतो, पण रीतीने येतो. संस्कृत पाठशाळेत शिकलेला माणूस मंगलाचरण झाल्याशिवाय भांडत नाही.

मी डोणगावचा वार्ताहर. तुमच्या गावची बातमी आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली येते, याबद्दल सिंधूताई मला भेटतील तिथे बोलतात. आज मला पाच मिनिटे दिली आहेत. सूत्रसंचालकांनी ती आधीच घड्याळ दाखवून दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी इंद्रभानजींची नळयोजना, शौचालये आणि वृक्षारोपण यांचा गौरव केला. त्या वृक्षांपैकी काही मी स्वतः पाहिलेही आहेत. तेव्हा ते सोडून मी फक्त एका नियमाबद्दल बोलणार आहे. तो नियम कुठेही लिहिलेला नाही, आणि मला विचाराल तर यांच्या साऱ्या नोकरीतले ते सर्वात मोठे काम आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडे मागचे सांगतो. धरण झाले तेव्हा जुनी आंबोडी पाण्याखाली गेली आणि नवी या टेकाडावर वसली. खालच्या आळीच्या परसदारी धरणाचे पाणी येते. आश्विनात ते अगदी तुळशीवृंदावनापर्यंत चढते, फाल्गुनात मागे सरकते, आणि वैशाखात पाहावे तर दूर कुठेतरी चकाकणारी एक पट्टी उरते. गावाची निम्मी शेती पलीकडच्या काठावर राहिली. सडकेने जायचे म्हणजे डोणगावचा वळसा; बाई शेतात पोहोचेपर्यंत अर्धा दिवस सरलेला. आणि कापूसवेचणीची मजुरी किलोवर असते, वळशावर नसते. म्हणून शकूरभाईंचा डोंगा. यांचे घराणे पिंजाऱ्यांचे. तयार गाद्यांनी पिंजणे बंद पाडले, तेव्हा कापूस पिंजणारे हात कापूस पार करू लागले. सकाळी बाया पलीकडे, संध्याकाळी बाया आणि गाठोडी अलीकडे.

मग ते नवे बियाणे आले. बीटी. सुरुवातीच्या वर्षांत झाड बोंडांनी वाकत असे. त्या वर्षांत इतर गावांनी मोटरसायकली घेतल्या. नवी आंबोडीने परसातून पाण्यात उतरणारे धक्के बांधले! पहिला धक्का आपल्या अध्यक्षांचा. घडीव दगडाच्या पायऱ्या, वर रंगीत फरशी, बाजूला कठडा. पाणी उपसायची मोटर ठेवायला वेगळा चौथरा. ते पाहून शेजाऱ्याने एक पायरी जास्त बांधली. त्याच्या शेजाऱ्याने वर कमान उभारली. एका गृहस्थांनी धक्क्यावर स्वतःचे नाव कोरून घेतले आहे, तेही पाण्याच्या बाजूने, म्हणजे माशांची चांगली सोय झाली. मी नाव घेत नाही. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आता इकडेतिकडे पाहत आहेत.

थट्टा बाजूला ठेवतो. पुढे पावसाने डोळे वटारले, फवारणी वाढली, कापसाचे पीक घटले. अशा दिवसांत माणूस आधी काय सांभाळतो? जे हाताशी आहे ते. धक्क्यांवरच्या मोटरी चोरीला जाऊ लागल्या. मग फाटके बसली, फाटकांना कुलपे लागली. यात कुणाची चूक होती असे मला आजही म्हणवत नाही. पण धक्क्याला लागून धक्का झाला, आणि दोन धक्क्यांमधल्या ज्या मोकळ्या जागांतून वरच्या आळीच्या बाया पाण्यापाशी उतरत, त्या एकेक करून बुजल्या. शेवटी एकच उतार राहिला. अध्यक्षांचा धक्का आणि रुक्मिणीबाईंचा धक्का यांच्यामधला. शकूरभाईंचा डोंगा तिथे लागे.

तो उतार वाचावा म्हणून इंद्रभानजींनी ग्रामसभेत तोंडी नियम आणला. कोणताही धक्का पाण्याच्या काठापासून दहा हातांपलीकडे जाऊ नये, काठावर आजूबाजूलाही पसरू नये. सर्वानुमते मंजूर. टाळ्या. मी बातमीही दिली, आतल्या पानावर.

आता या नियमात खोट कुठे होती, ते तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले होते का? माझ्या आले नव्हते, इंद्रभानजींच्याही नाही. ग्रामसभा होती आश्विनात. पाणी तुडुंब. 'पाण्याचा काठ' म्हटल्यावर सगळ्यांनी मान वळवून खिडकीतून काठ पाहिला. अध्यक्ष महोदयांनी मात्र तो नियम वैशाखात लावला. वैशाखातला काठ दूर गेलेला. त्या काठापासून त्यांनी दहा हात मोजले आणि तिथपर्यंत, काठावर न पसरता कोरड्या गाळातूनच, आडवीतिडवी अशी भिंत बांधली की उतार तिच्या पोटात गेला. नियमाचे इतके काटेकोर पालन या तालुक्यात दुसऱ्या कुणी केल्याचे मला माहीत नाही.

पाणी चढले, तेव्हा शकूरभाईंचा डोंगा पाण्यात होता, बाया काठावर होत्या, आणि मधे अध्यक्ष होते.

त्यावेळची ग्रामसभा मी कोपऱ्यात बसून ऐकली आहे. शकूरभाई उभे राहून म्हणाले, "शंकरभाऊ, मी डोंगा लावू कुठी? डोक्शावर घेऊन फिरू का?"

"नियमानं बांधलं बे," अध्यक्ष म्हणाले. "मोजून घे नं."

"भिंत काय मोजता बापा, आमचे पाय मोजा," मागून अंबूबाई कडाडल्या. "कमरीइतक्या गाऱ्यातून डोक्शावर गाठोडं घेऊन येऊन राह्यलो आम्ही. कापूस तुमचाच हाय त्याच्यात!"

हे शेवटचे वाक्य खरे होते. पलीकडच्या काठावर अध्यक्षांचेही रान आहे.

वरच्या आळीची पोरे पेटली. म्हणाली, सुरडकर साहेब, धरणाच्या कार्यालयाले कळवा, सारे धक्के तोडून टाकतील. ते खरेच तोडले असते. कारण बुडीत रेषेच्या आतली जमीन सरकारची. तिथे धक्का असूच शकत नाही. आमच्या न्यायशास्त्रात जे मुळीच नाही त्याला आकाशातल्या फुलाचा दाखला देतात. कागदावर तुमची खालची आळी म्हणजे अशा फुलांचा अख्खा बगीचा आहे. आणि जे नाहीच, त्याच्याविषयी ग्रामपंचायतीने नियम तरी कसा लिहावा? कळवले तर सगळेच जाणार, रुक्मिणीबाईंच्या धुण्याच्या पायरीपासून मोटरींपर्यंत. न कळवले तर शकूरभाई जाणार.

इंद्रभानजींनी त्या सभेत काहीही ठरवले नाही. "उद्या पाहू," म्हणाले. ग्रामसेवकाचे 'उद्या पाहू' म्हणजे काय, हे आपण सारे जाणतो. पण हा माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर पाहायला आला.

इथे पाहुण्यांना आंबोडीची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. जुन्या गावात सुगीच्या दिवसांत कुणालाही कुणाच्याही शेतातून, धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, जाता येई. फक्त शेताशी उभे राहून हाळी द्यायची, "धुऱ्यानं येऊन राह्यलो हो!" शेतमालक जिथे असेल तिथून म्हणे, "या हो!" या हाळीला नाही म्हणण्याची पद्धतच नव्हती. वैरी असला तरी 'या हो' म्हणे, आणि मग वाटल्यास भांडे. धुरे पाण्याखाली गेले, तशी ही रीतही गेली, असे सगळ्यांनी धरले होते.

तर दुसऱ्या दिवशी वेचणीवरून परतणाऱ्या बायांबरोबर इंद्रभानजी डोंग्यात बसले. मीही होतो, मला पोहता येत नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितले नव्हते. डोंगा थेट अध्यक्षांच्या धक्क्याला भिडला. फाटकाला हे एवढे कुलूप. शकूरभाईंनी इंद्रभानजींकडे पाहिले. इंद्रभानजींनी तोंडाशी हात धरला आणि हाळी दिली, "शंकरभाऊ, पायरीनं येऊन राह्यलो हो!"

अध्यक्ष त्या वेळी परसातल्या न्हाणीत होते. डोक्याला साबण. आतून खणखणीत आवाज आला, "या हो!"

 अंबूबाईंनी पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळाने अध्यक्ष पंचा गुंडाळून, एक डोळा मिटून बाहेर आले. समोर डोंगाभर बाया! कुलपाकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले. हा शब्द आपल्याच तोंडून गेला, हे त्यांना कळले होते. मला वाटले होते, आता भांडण होईल. ते आत गेले, किल्ली आणली, आणि म्हणाले, "उतरा लवकर, डोळे चुरचुरून राह्यले."

अध्यक्ष महोदय, आपण हसताय, म्हणजे परवानगी आहे असे धरतो.

त्या दिवसापासून नियम ठरला. धक्का ज्याचा त्याचा. पाण्यात उतरणारी शेवटची पायरी गावाची. हाळी दिली की वाट द्यायची. फाटक असू द्या, पण डोंगा चालू आहे तोवर कुलूप नको. हा नियम लिहिता येत नव्हता, म्हणून इंद्रभानजी तो चालवत राहिले. दरवर्षी पाणी चढले की पहिल्या वेचणीला डोंग्यात बसून पहिली हाळी ते स्वतः देत. हे त्यांच्या कामात बसत नव्हते, भत्त्यात तर नव्हतेच.

मग आज तक्रार कसली? गेल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने या रानांचे काय केले, ते मी सांगायला नको. उभ्या कापसात लोकांनी नांगर घातला. यंदा दिवाळीत पुन्हा मोटरी गेल्या, त्यात अध्यक्षांची गेली. आणि काल त्यांच्या फाटकाला पुन्हा कुलूप दिसले. मी विचारले, तर त्यांच्या गड्याने सांगितले, "आता सुरडकर साहेब चालले शेगावले पोराकडं. आता कोण इचारते?"

मंडळी, हा प्रश्न मी कालपासून मनात घोळवला आहे. आपण ज्याला इंद्रभानजींचा नियम म्हणतो, तो खरोखर त्यांचा होता का? त्यांनी तर फक्त हाळी दिली. 'या हो' न्हाणीतून आले. त्यांना निरोप देताना तो शब्दही आपण शेगावच्या गाडीत बसवून देणार का? मोटर गेली, याचे दुःख मला समजते. पण जिथून दिवसभर बाया ये-जा करतात, तिथली मोटर चोराला सोपी जाते का, याचाही विचार व्हावा. प्रज्वलराव, आपण जालन्याकडचे. आल्याबरोबर आपण धक्क्यांच्या नियमाची प्रत मागितलीत, असे कळले. प्रत नाही. उद्या सकाळी डोंग्यात बसा, एवढेच सुचवतो. शकूरभाई पैसे घेणार नाहीत. फक्त डोंगा लागणार कुठे, ते...

काय म्हणता, रुक्मिणीबाई? जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू गेले नाही.

"माह्या पायरीवर लाव म्हना त्याले! धुनं बाजूले घेते मी."

ऐकलेत का, शकूरभाई? रुक्मिणीबाईंची पायरी. तिसऱ्या रांगेतूनही हात वर आहे. हो, हो, आपले नाव वाचता येईल अशाच बाजूने लावू. आणखी कुणी? अंबूबाई, तुम्ही बसा, तुम्हाला धक्का नाही.

अध्यक्ष महोदय, आपण माइक मागताय. अध्यक्षीय भाषणाला अजून वेळ आहे, पण घ्या.

"अन माही पायरी काय पान्यात बुडाली का बे?"

बसा, शंकरराव. टाळ्या थांबू द्या. इंद्रभानजी, आपण चष्मा पुसताय, पुसा, घाई नाही.

सूत्रसंचालक आता घड्याळ माझ्या नाकासमोर धरत आहेत. मला बोलावल्याबद्दल ग्रामपंचायतीचे, इतका वेळ सहन केल्याबद्दल आपले, आणि न्हाणीतली गोष्ट चारचौघांत सांगू दिल्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलताना कुणाच्या अंगणात न विचारता पाय पडला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर तो माझ्या व्यवसायाचा दोष समजून पोटात घालावा. इंद्रभानजी, कोकिळाताई, शेगावला सुखात राहा. आणि शकूरभाई, असे दाराकडे सरकू नका. जेवण आहे, डोंगा सकाळीच काढायचा आहे.