दाजींनी शेवटी निवडलेला कॅमशाफ्ट

मंडळी, कामंधामं सोडून आलात, लई बरं वाटलं. मी गॅरेजवाला माणूस. माईकपुढं बोलायची सवय नाय. पण अक्का म्हणली, तूच बोल. दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे मालक, अन् माझं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक.

त्यांच्या वडिलांची काळी गाडी तुम्ही पाहिलीय. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर घेतलेली. तिचं इंजिन आम्ही नव्यानं बांधलं. सगळं जमलं, अडलं कॅमशाफ्टवर. इंजिनातला हा दांडा, याच्या उंचवट्यांनी वॉल्व्ह उघडतात. दाजींना हवा शर्यतीचा. मी म्हटलं, "दाजी, हा वरच्या स्पीडला पळतो, खाली दम नाय. आपल्याला चौकातून जायचंय." ऐकतील ते दाजी कसले! बसवायला लावला. क्रांती चौकात सिग्नलला गाडी धडधडली, हिसके खाल्ले अन् बंद. मागं हॉर्नचा कल्ला. आम्ही धक्का मारायलोय, अन् हे म्हणतात, "आवाज ऐकला का, आवाज?"

मग साधा दांडा घातला. गाडी मऊ चालली. तर म्हणाले, "ही तर शिवणमशीन झाली! काढ." पुन्हा शर्यतीचा. पुन्हा साधा. किती वर्षं, मंडळी? गाडी विटांवर, अन् वाद चालू.

अन् अक्का? आमचं घर, तिचं माहेर, अजिंठ्याला. मालकाशेजारी बसून या गाडीतून माहेरी जायचं, एवढीच तिची हौस. दर भाऊबीजेला म्हणायची, "कंचाबी दांडा घाला, पण मला एकदा न्या." अन् दर भाऊबीजेला एसटीनं गेली.

दाजी, राग येतो हो तुमचा. लई राग येतो.

गेल्या महिन्यात स्वतःहून गॅरेजात आले. म्हणाले, "साधाच बसव. तुझ्या अक्काला हिसके नकोत. यंदा मीच नेतो तिला." मी विचारलं, "पक्कं?" "व्हय, पक्कं." इंजिन उघडलं. दांडा टेबलावर पुसून ठेवला होता, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला.

काल बसवला. परत काढ म्हणणारं कुणी नव्हतं.

अक्का, सभा झाली की गाडीत पुढं बस. अजिंठ्याला जाऊ. त्यांची जागा मला भरता यायची नाय. मी फक्त चालवतो.

मंडळी, मी बोलायला उठलो तेव्हापासून गाडी दाराशी चालू उभी आहे. आली का ऐकू कुणाला? नाय ना? आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मग येईल ऐकू.