ताठ मानेचे टक्के

...कशाचे टक्के म्हणून काय विचारता? माझ्या मानेचे! माणसाची मान कधी परीक्षेला बसते का? पण बसली, तुम्हाला सांगतो, आणि नापास झाली. फौजेत असताना ट्रक दरीत गेला, चालवत मीच होतो, मणक्यात दोन पट्ट्या घातल्या आणि तेव्हापासून मान वळत नाही. कोणी हाक मारली की अख्खा मीच वळतो, कपाटासारखा. मागचं दिसत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरकी गेली, दुसरं काही येत नाही, सगळी भिस्त पेन्शनवर... आणि ती कधी? तपासणाऱ्या डॉक्टरांनी वीस टक्के अपंगत्व लिहिलं तर.

तपासणीला निघताना बायकोनं बजावलं, "तिथे शूरपणा नको. दुखतंय तर दुखतंय म्हणा. तुमचे केस मी धुते, तेही सांगा." आता केसांचं कसं सांगायचं हो चारचौघांत? तरी बाकावर बसून घोकत होतो... मान वळत नाही, हात बधिर होतो, झोप लागत नाही... तेवढ्यात दार उघडलं आणि मोठे डॉक्टर आले. गणवेशात, खांद्यावर बिल्ले! झालं. टाचा जुळल्या, छाती पुढे, हनुवटी वर. मी नाही हो केलं, पायांनी केलं. मानेतून पार बोटांपर्यंत कळ गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहऱ्यावर रेघ नाही.

"वा, मान ताठ आहे की," साहेब म्हणाले. अहो, ताठच आहे, तोच तर आजार आहे! मान वळत नाही, एवढंच सांगायचं होतं. तर त्यांनी विचारलं, "काही त्रास?" आता हा प्रश्न मी नोकरीभर रोज सकाळी रांगेत उभा राहून ऐकलेला... तोंडातून खणखणीत निघालं, "नाही, साहेब!"

त्यांनी दहा लिहिले.

घरी बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. डोळे पुसून म्हणाली, "अपील करायचं. आजपासून रोज सराव." माझा चष्मा लावला, खुर्चीत ताठ बसली, आवाज जाड केला, "हं. काही त्रास?"

मान वळत नाही, एवढे तीन शब्द हो... पण तुम्हाला सांगतो, मी उठून उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि म्हणालो, "नाही, साहेब."