रिकामं आलेलं पातेलं

— ते समदं खरं, खाजाभाई, पन पोचा काढशील का न्हाई ते आधी सांग, मग भाता मार. कल्हई काय कुनीबी करतंय, नवसागर टाकला, कथील फिरवलं, झालं चकचकीत — पन हा काठाजवळचा पोचा निघाला पायजे. आनि दुपारच्या आत. न्हाईतर तुझा भाता फोडीन, सांगून ठेवते. हसू नको, मी फोडते, माझा हात कसा हाय ते गावाला इचार. उद्या तांबडं फुटायला माझी धाकली जाऊ मालन गाव सोडून चाललीया — ते बग, विहिरीपलीकडचं घर — नवरा, पोरं, समदं बिऱ्हाड बेलापूरकडं, उसाच्या मळ्यात कामाला. तिला वानोळा द्यायचाय ह्या पातेल्यातनं. सुपात बग, सांडगे हायेत, गवार हाय वाळलेली, बरनीत कैरीचं लोनचं. दोन उन्हाळे झाले, माझ्या घरातनं तिच्या घरात काय गेलं न्हाई. आज न्हाई गेलं तर मग कधीच न्हाई.

कशानं पोचलं? फळीवरनं पडलं. पितळ हाय, पडलं की पोचतंय. तू तुझं बग.

— हाट्! मेल्या कावळ्या, मान मुरगाळून टांगीन तुला खाटंला! — वाळवन घातलं की येतोयच. गेल्या साली शेळी शिरली वाफ्यात, असा धोंडा घातला की पायच मोडला तिचा. मालकीन रडत आली, तिलाबी दोन दिल्या. माझ्या परसाला तोंड लावायचं न्हाई कुनी. त्या परसावर जगलोय आमी. लढाईचे दिवस ते — तुला ठावंच हाय, सरकारची मानसं लेव्ही म्हनून घरातलं दानं न्यायची, बाजारात पैका देऊन जोंधळा मिळंना, आनि आमच्या वाटनीची विहीर तळाला गेल्ती. मालनच्या विहिरीला पानी हुतं. मी मागितलं न्हाई हां, मी मेले तरी मागत न्हाई — तीच म्हनली, ‘आक्का, पाट काढा, आमच्या मोटंचं पानी जाऊ द्या तुमच्या परसात.’ काढला पाट. तिच्या गोठ्याच्या कुडालगत, सरळ माझ्या वाफ्यात. वांगी लावली, गवार, दोडका, भोपळा — आसं धरलं म्हनतोस! माझ्या दोन्ही पोरी सकाळधरनं वांगी चिरून बाजंवर पसरायच्या, मी कोहाळा किसून सांडगे घालायची, आनि कारभारी — ज्या मानसाच्या तोंडातनं जन्मात गोड शबूद न्हाई निघाला — ते एक दिस जेवता जेवता थांबलं आनि म्हनलं, ‘औंदा आपन मालनच्या जिवावर जगलो. पयला वानोळा तिचा.’ मला लई बरं वाटलं रं. खोटं कशाला बोलू? तवापतूर त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुनी कुनाला मारलं न्हवतं.

मग भरलं की हे पातेलं. शिगोशीग. वर लोनच्याची फोड. थोरल्या पोरीच्या हातानं धाडलं. आनि संध्याकाळी परत आलं — घासून-पुसून, रिकामं. तुमच्यात धाडत्यात का रं रिकामं भांडं माघारी? न्हाई ना? आमच्यातबी न्हाई. मूठभर दानं टाकावं, न्हाईतर गुळाचा खडा, ते न्हाई तर मिठाची चिमूट. रिकामं भांडं धाडलं मंजी — संपलं, तुमी तिकडं, आमी इकडं. आनि कुनी धाडलं? तर जिच्या गोठ्यात पेव हुतं तिनं! व्हय, पेव. बाजरीचं. लेव्हीवाल्यांची नजर चुकवून पुंजारामनं, माझ्या दिरानं, पुरून ठेवलेली. आमाला घरच्यांनाच ठावं हुतं. कुठं बोलशील तर जीभ हासडीन.

तीन दिवस मला घास गेला न्हाई. पोरींना मारलं, कुत्र्याला मारलं. चौथ्या दिवशी हे पातेलं घेतलं आनि गेले विहिरीवर. मालन पानी शेंदत हुती. म्हनले, ‘काय गं, मूठभर बाजरी जड झाली व्हय तुला?’ गप. ‘पेव भरलंय म्हनून माज आला?’ गप. मान खाली. तिनं मला शिवी दिली असती, थोबाडीत दिली असती, तर मी जिरवून घेतलं असतं — पन गप ऱ्हानारं मानूस मला सोसत न्हाई, खाजाभाई, अंगाची आग हुती — आनि हानलं. ह्या काठानं. डोळ्यावर —

भाता का थांबला? मार भाता! फळीवरनं पडलं म्हनले व्हय मगाशी? पडलं असंल. फळीवरनंबी पडलं असंल.

गाव म्हनतंय शेवाळावर पाय घसरला. तिनंच सांगितलं तसं पाटलाला. घसरला कशाचा! रगात असं चिळकांडीनं उडालं की माझं लुगडं गुडघ्यापतूर भिजलं. ती दगडाला धरून खाली बसली, वरडली न्हाई. मीच वरडत तिच्या घरात पळाले, हळद आनायला, डोळ्यावर दाबायला. हळदीचा डबा उघडला — रिकामा. मिठाचं मडकं — रिकामं. एकेक गाडगं उचलून बगितलं, खापरं फोडल्यागत आदळली मी, कशात काय न्हाई. चुलीवर रानातल्या तरवट्याचा पाला शिजत हुता. नुसता पाला. बिनमिठाचा. आनि तिची दोन पोरं कोपऱ्यात बसून माझे सांडगे खात हुती. कच्चेच. कटाकटा.

पेव? गोठ्यात गेले ना. वासानं डोकं फिरलं. पेव उघडं, आनि काळी पडलेली बाजरी जमिनीवर पसरलेली, भुरी आलेली, जनावरानं तोंड लावू नये अशी. कूड हात लावून बगितला — वला गार. पलीकडनं माझा पाट. माझ्या वाफ्याचं पानी रं! ते पाझरून पाझरून तिच्या पेवात उतरलं. माझी वांगी पिकली, तिची बाजरी कुजली. आनि बोलायचं कुनाला? चोरून ठेवलेलं दानं, बोललं की बेड्या. आनि कळल्यावरबी तिनं पाट बंद केला न्हवता. वाफे वाळतील आक्काचे म्हनून.

आता मला सांग, ही मानसाची रीत झाली? मागायचं की! भांडायचं! ‘आक्का, तुझ्या पान्यानं माझं घर बुडालं’ म्हनून माझ्या दारात येऊन छाती बडवायची! तोंड न्हवतं? — न्हाई. डोळा दिला पन शबूद दिला न्हाई. मला अजून राग येतो तिचा. लई राग येतो.

कारभाऱ्यांनी केसाला धरून मला अंगनात वढलं, आसूड तुटंपतूर मारलं. मला वाटायचं अजून मारावं. मग पुंजाराम कुऱ्हाड घेऊन आला. दोघं भाऊ, एका आईचं दूध प्यालेले — कारभाऱ्यांच्या खांद्यात पातं घुसलं, तो हात अजून वर हुत न्हाई. दुसरा घाव डोक्यातच बसायचा, पन मालन आली. डोळ्याला फडकं गुंडाळलेलं, त्यातनं रगात गळतंय, आनि नवऱ्याच्या पायाला मिठी मारून म्हनती, ‘माझा पाय घसरला, आक्कानं न्हाई मारलं.’ नंतर कारभाऱ्यांनी पोरींकडनं जोंधळा धाडला, तर पुंजारामनं लाथंनं उधळला. पन चार दिवसांनी बगते तर पाटाला पानी! मालननं गोठ्यापासून लांबनं वळवलेला नवा पाट. त्याच पान्यावर उरलेला भोपळा धरला. खाल्ला आमी. गळ्याखाली उतरला का इचारतोस? उतरला. भूक हुती.

म्हनून म्हनते, तूच ने हे. तुझी वाट तिच्या दारावरनं जाती. ठेवायचं, ‘आक्कानं दिलं’ म्हनायचं आनि चालायला लागायचं. थांबायचं न्हाई, भांडं माघारी घ्यायचं न्हाई — काय? मीच जाऊ? कोन रं तू मला शिकवनारा? चार भांडी घासून दिलीस म्हनून — मी जाऊ आनि तिनं परत रिकामं धाडलं तर? आनि भरून धाडलं तर? एका डोळ्यानं माझ्याकडं बगत, घरात असंल नसंल ते ह्याच्यात घालून दिलं तर मी काय करू? ते न्हाई सोसायचं मला. त्यापरास तिनं कुऱ्हाड मारावी.

थांब. भाता थांबव. गाडी कुनाची ती? विहिरीकडनं — वर खाट बांधलीया, पोरं बसलीत — उद्या म्हनले हुते ना? उद्या म्हनले हुते! पातेलं दे. काढ भट्टीतनं. तापलंय तर तापू दे — न्हाई, ऱ्हाऊ दे. पातेलंच नको. सूप आन ते, वत हितं माझ्या पदरात, समदं वत. पदरातनं दिलं की माघारी काय धाडायचं नसतं. लोनचंबी वत. तेल लागतंय तर लागू दे लुगड्याला!

सर बाजूला, खाजाभाई. वाटंतनं ऊठ म्हनते ना!