मंगळवारचा डबा

गावातल्या सगळ्या संस्थांसाठी एकत्र देणगी गोळा करतात, त्या दिवशीच्या सूपच्या जेवणाला यंदा मी एकटाच गेलो. रांगेत पुढे दोघं होती, हातात देणगीचे फॉर्म.

“व्हर्ना, कुठल्या संस्थेवर खूण केलीस?”

“घरपोच जेवण. तूही तिथंच कर, लॉइड. पन्नास खुणा झाल्या नाहीत तर ते स्वयंपाकघर बंद करणार आहेत.”

“मी दर वर्षी कुत्र्यांना देतो.”

“कुत्र्यांना सगळेच देतात.”

“तुला कुठं डबा येतो?”

“मला नाही, डेल्बर्टला येतो.”

“अगं, तुमच्या घटस्फोटाला वीस वर्षं झाली!”

“एकोणीस. त्याला आता शेगडीपाशी उभं राहवत नाही.”

“मग तूच नेऊन दे की.”

“मला बघून दार लावून घेईल तो. म्हणून मंगळवारी मी त्या स्वयंपाकघरात रांधते. डबा दुसरं कोणी नेतं.”

“त्याला माहीत आहे?”

“कुणी सांगितलेलं नाही. पण परवा रिकाम्या डब्यातून चिठ्ठी आली.”

“काय लिहिलंय?”

“‘मीठ जास्त होतं. मंगळवारची बाई बदलू नका.’”

लॉइडनं वळून माझ्याकडे पेन मागितलं.

“थांबा,” मी म्हटलं, “आधी माझी खूण होऊ दे.”