आमच्या ह्यांच्यावरची फिल्म

नाही, पण मी म्हणते, स्वतःच्याच घरात माणसाने नॅचरल वागायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय हो? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांच्यावर माहितीपट काढायचा म्हणून नऊ माणसं घरात शिरली, सोफा उचलून गॅलरीत, माझं कपाट भिंतीकडे तोंड करून, खिडकीला काळा कपडा… आणि वर दिग्दर्शक म्हणतो, "काका, काकू, आम्ही इथे नाहीच असं समजा. नॅचरल वागा!"

आता ह्यांना कुठलं आलंय नॅचरल! पंचेचाळीस वर्षं, एकशे सत्तर सिनेमे, त्यातल्या साठांत मेलेले. "रोज सकाळी काय करता?" विचारलं, तर हे म्हणतात, "चहा करतो." चहा! अहो, ह्यांना गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही! तरी गेले, भांडं घेतलं आणि मान वळवून विचारतात, "उजेड कुठून येतोय?" तो चहा सात वेळा झाला. सातही वेळा मीच केला, आणि दिसू नये म्हणून ओट्याखाली बसले. म्हणे नॅचरल वागा!

दुपारी मुलाखत. दिग्दर्शकाने विचारलं, "काकूंबद्दल काही सांगा ना." मी स्वयंपाकघरात, दाराआड. कान दाराला लावला बघा! लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्या माणसाने पडद्यावर बावीस नट्यांची तोंड भरून स्तुती केली, पण मला कधी "आज बरी दिसतेस" एवढंसुद्धा नाही. ह्यांनी चष्मा काढला. बोलायला लागले… आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. एक नाही, चांगल्या पाच! आता मला काय माहीत? मला सांगितलेलं, रोज दुपारी करता तेच करा, नॅचरल वागा… मी लावला कुकर!

"कट! काका, आवाज गेला. तेच परत बोला." हे खाकरले आणि धडाधड बोलले. बोलले छानच हो, पण ते एका सिनेमातलं, फाशीच्या आधी हे सासूला म्हणतात ते!

मग मी एकेकाला गाठलं. आवाजवाला म्हणाला, "काकू, माझा अजून कान वाजतोय." कॅमेरावाला डोळे पुसत होता. म्हटलं, सांग रे बाबा, काय म्हणाले? "शिट्टीत ऐकू नाही आलं काकू… पण चेहरा काय दिला काकांनी!" शेवटी जेवताना ह्यांनाच विचारलं. म्हणतात, "अगं, ते लिहून दिलेलं थोडंच होतं? आता कसं आठवणार?"

परवा फिल्म दाखवली. चेहरा छान आला म्हणून तो तुकडा ठेवलाय, शिट्ट्या काढून त्यावर व्हायोलिन घातलंय. पडद्यावर आधी "काकूंबद्दल काही सांगा ना" हा प्रश्न, मग हे एवढे मोठे, ओठ हलतायत, आणि व्हायोलिन. मी खुर्चीच्या टोकावर, जीव डोळ्यांत आणून ओठ बघतेय… एक अक्षर लागेल तर शपथ! तेवढ्यात शेजारच्या बाईंनी रुमालाने डोळे पुसत माझा हात धरला. "किती सुंदर बोलले हो तुमच्याबद्दल!"

म्हटलं, "हो ना. घरी पण असंच बोलतात."